वेगळी छापलेली पानं: सचित्र साहस कादंबऱ्यांच्या संग्रहाच्या कामाच्या नोंदी

४ जून

संग्रहाची हद्द आधी कागदावर आखली. ‘जुन्या सचित्र साहस कादंबऱ्या’ एवढ्यावरच खरेदीला निघालं की दिसेल ते घेतलं जातं आणि शेवटी एकाच कादंबरीच्या चार सुमार प्रती हाती राहतात. म्हणून चित्र पुस्तकात कोणत्या वाटेने आलंय, यावरून तीन गट पाडले.

पहिल्या गटात चित्रं वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून मागाहून पानांमध्ये चिकटवलेली असतात. चित्रकार एन. सी. वायथची न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स प्रकाशनाने काढलेली मालिका यात येते: ट्रेझर आयलंड (१९११), किडनॅप्ड (१९१३), द ब्लॅक ॲरो (१९१६), द मिस्टीरियस आयलंड (१९१८), द लास्ट ऑफ द मोहिकन्स (१९१९). वायथचीच रॉबिन्सन क्रूसो (१९२०) मात्र कॉस्मोपॉलिटन बुक कॉर्पोरेशनने काढली. ती स्क्रिब्नर्सच्या यादीत शोधत बसू नये.

दुसऱ्या गटात लाकडी ठसे मजकुराबरोबरच छापलेले. म्हणजे पॅरिसच्या एत्झेल या प्रकाशकाने काढलेले ज्यूल व्हर्नचे मोठ्या आकाराचे खंड.

तिसऱ्यात विसाव्या शतकातली रेषाचित्रं: रॉकवेल केंटचं मोबी डिक (१९३०), मर्विन पीकचं ट्रेझर आयलंड (१९४९) आणि त्या जातीची इतर.

पहिल्या गटात चित्रं जातात. दुसऱ्यात चित्रं जागेवर राहतात, पण बांधणी बदललेली निघते. तिसऱ्यात आतलं बहुधा ठीक असतं आणि जॅकेट किंवा पेटी दगा देते. कुठली प्रत आधी कुठे तपासायची, ते यावरून ठरतं.

१९ जून

‘सर्व चित्रं आहेत’ या विक्रेत्याच्या शब्दावर पैसे पाठवू नयेत. तो खोटं बोलतो असं नाही, बहुतेक वेळा त्याने पृष्ठक्रमांक तपासलेले असतात. चिकटवलेल्या चित्रपानांना पृष्ठक्रमांकच नसतो. तीन चित्रं उडालेली असली तरी पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग जुळतात.

पैसे देण्याआधी मागायचे फोटो: शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू. चित्रांची यादी. प्रत्येक चित्रपान समोरच्या पानासकट, पुस्तक पूर्ण उघडून, मधली घळ दिसेल असं. पुढचा-मागचा सांधा आतून. कण्याचं वरचं आणि खालचं टोक. मुखपृष्ठावर चित्र चिकटवलेलं असेल तर एका बाजूने तिरका प्रकाश टाकून काढलेला फोटो, कारण सुटलेले कोपरे आणि मागाहून भरलेला रंग समोरच्या उजेडात दिसत नाहीत.

एवढे फोटो मागितले की काही विक्रेते उत्तरच देत नाहीत. निवड तिथेच सोपी होते.

पॅकिंगही आधी ठरवून घ्यावं: पुस्तक प्लास्टिकमध्ये, दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा मोठे ताठ पुठ्ठे, मग खोका आणि त्याबाहेर दुसरा खोका. दोन खोक्यांमध्ये चहूकडून ५ सेंटिमीटर भरणी. जाड पाकिटात पाठवलेल्या पुस्तकाचे कोपरे चेपतातच. मोठ्या खंडांचा पाठवणी खर्च कधी पुस्तकाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शावर जातो, तेव्हा घासाघीस करायची तर पुस्तक आणि पाठवणी यांची एकत्रच करावी.

२ जुलै

ट्रेझर आयलंडची १९११ची प्रत आली. काळं कापड, पुढच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेलं रंगीत चित्र, अस्तर (पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा कागद) चित्राचंच. पहिली मुद्रणप्रत ओळखताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक, स्वामित्वहक्काच्या पानावरचं १९११ पुढच्या छपायांतही तसंच राहतं. त्यामुळे बघायचं शीर्षकपानावरचं साल, आणि ते रोमन अंकांत असतं. दोन, पहिल्या छपाईसाठी ‘ए’ हे अक्षर टाकायची स्क्रिब्नर्सची पद्धत १९३०पासूनची आहे. १९११च्या प्रतीत ते शोधून ‘नाही’ म्हणून प्रत नाकारणारेही असतात.

वायथने या पुस्तकासाठी १७ चित्रं रंगवली. १४ आतली चित्रपानं, उरलेली मुखपृष्ठ, अस्तर आणि शीर्षकपान यांसाठी. मूळ तैलचित्रं जवळजवळ चार फूट उंच. ती तळहाताएवढ्या हाफटोनमध्ये, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या छपाईत, उतरवली की आधी गडद भाग बुजतात आणि ठसे झिजले की आणखी बुजतात. म्हणून छपाई जोखायला उजळ आकाश बघू नये, सावल्या बघाव्यात. कादंबरीतल्या आंधळ्या प्यूच्या रात्रीच्या चित्रात काळ्या-निळ्या भागांत आकार वेगळे दिसतात की सगळा एकच गोळा झालाय, ते दहापट भिंगाखाली बघावं.

मोजणी यादीवरून. यादीत प्रत्येक चित्रासमोर ते कोणत्या पानासमोर येतं त्याचा आकडा असतो. एकेक चित्र काढून जागा ताडली. आकडा १४ भरला, पण एक चित्र यादीतल्या जागेपासून एक पान सरकलेलं निघालं. मग बारकाईने:

चित्रपानाची वरची कड शेजारच्या पानांपेक्षा साधारण एक मिलिमीटर खाली. म्हणजे ते या पुस्तकाबरोबर कापलं गेलेलं नाही. घळीत डिंकाची रेघ रुंद आणि चकचकीत, बाकीच्या चित्रांची अरुंद आणि पिवळट. आणि निर्णायक खूण समोरच्या पानावर. शंभर वर्षं चित्राला चिकटून असलेल्या मजकुराच्या पानावर चित्राच्या मापाचा फिकट तपकिरी चौकोन उमटतो. इथे तो चौकोन चित्रासमोर नव्हता. यादीने सांगितलेल्या पानावर होता, आणि त्याची उंची या चित्राशी जुळत नव्हती.

निष्कर्ष: मूळ चित्र गेलंय, त्या जागी पुढच्या छपाईतलं आणून बसवलंय. चित्रं फ्रेम करून विकण्यासाठी फाडलेल्या प्रतींचे अवशेष एकत्र करून प्रती ‘पूर्ण’ करण्याचा उद्योग जुनाच आहे. विक्रेत्याला फोटो पाठवल्यावर किंमत कमी झाली आणि प्रत ठेवली. आमच्या मते एक चित्र परकं असलेल्या प्रतीला पूर्ण प्रतीच्या निम्म्याहून जास्त देऊ नये, कारण पुढे विकताना प्रामाणिकपणे तेवढंच येतं.

१० जुलै

किडनॅप्डमध्ये दोन चित्रपानं सुटी झालेली. ती परत बसवली. हे काम साधं दिसतं, पण कागदामुळे अवघड होतं. चित्राच्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. त्याला ओल लागली की लेप मऊ होतो आणि बोट लागलेल्या जागी कायमचा डाग पडतो.

खळ: गव्हाचा स्टार्च १ भाग, पाणी ५ भाग. मंद आचेवर सतत ढवळत २० ते २५ मिनिटं, पांढरी खळ अर्धपारदर्शक होईपर्यंत. थंड झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकायची. मोरचूद वगैरे घालून टिकवायच्या भानगडीत पडू नये.

पहिल्या चित्राला खळ पातळ पडली. रात्रीतून घळीजवळ लाटा आल्या. टिपकागदांमध्ये आठवडाभर वजनाखाली ठेवून त्या बऱ्याच बसल्या, पण बोट फिरवलं की अजून लागतात. दुसऱ्या वेळी हे बदललं: खळ चाळणीतून आली तशीच घट्ट, पाणी न घालता. चित्राच्या मागच्या कडेवर रद्दी कागदाची आड धरून फक्त ३ मिलिमीटरची पट्टी. ब्रश जवळजवळ कोरडा. लावल्यावर पट्टीवर टिपकागद एकदा हलकेच टेकवून उचलला, चमक गेली की लगेच बसवलं. दोन्ही बाजूंना पॉलिएस्टर फिल्म, त्यावर टिपकागद, वर पुठ्ठा आणि वजन. बारा तास. लाट आली नाही.

मजकुराच्या पानाची घळ फाटलेली असेल तर आधी कोझो धाग्याचा पातळ जपानी कागद (चौरस मीटरला १० ग्रॅमच्या आसपास) बिजागरीसारखा लावावा आणि चित्र त्याला चिकटवावं. पट्टी कात्रीने कापू नये. पाण्याची रेघ ओढून फाडावी, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड पानावर उमटत नाही.

पांढरा डिंक वापरू नये. तो चिकटतो उत्तम, पण पुन्हा काढायची वेळ आली की कागदच निघतो. आधीच्या कुणी तो वापरून चित्र बसवलं असेल तर ओढाताण न करता तसंच राहू द्यावं.

खोडरबर चित्रपानांवर अजिबात नको. लेप घासला जाऊन चकचकीत पट्टा उठतो आणि तो कशानेही जात नाही. कापडी पुठ्ठ्यावर रबराचा कोरडा स्पंज चालतो, तोही सोनेरी ठशांवर नाही.

१८ जुलै

चित्रांवरचे झिरझिरीत टिश्यू. काही तपकिरी पडलेत आणि तोच रंग चित्रावर उतरू लागलाय. साधे असतील तर काढून त्या जागी आम्लरहित टिश्यू घातले. ज्यावर चित्राचं नाव छापलेलं असतं तो टिश्यू प्रतीचाच भाग आहे, तो गेला तर प्रत अपुरी. असा टिश्यू ठेवून त्याच्या आणि चित्राच्या मध्ये नवा सरकवला. सगळीकडे दोन-दोन टिश्यू घातले तर मात्र कणा ताणला जातो. चौदा चित्रांच्या पुस्तकात सरसकट घालणं म्हणजे सांधा फोडायची तयारी.

भिजून एकमेकांना चिकटलेली गुळगुळीत पानं सुकल्यावर सोडवता येत नाहीत. मातीचा लेपच गोंद झालेला असतो. ‘किंचित चिकटलेली पानं’ असं वर्णन असलेली प्रत घेऊ नये, कितीही स्वस्त असली तरी. नळ फुटून वगैरे पुस्तक भिजलंच, तर ओलं असतानाच प्लास्टिकमध्ये बांधून फ्रीझरमध्ये टाकावं आणि पुढचं तज्ज्ञावर सोपवावं.

१ ऑगस्ट

एत्झेल. इथे सगळी रीतच उलटी.

ट्वेंटी थाउजंड लीग्ज १८७१च्या सचित्र आवृत्तीत द न्यूव्हिल आणि रियू यांची १११ चित्रं. मिस्टीरियस आयलंड १८७५, चित्रकार फेराची १५४ चित्रं, ठसे बार्बांने कोरलेले. हीच कादंबरी वायथच्या हातची पहिल्या गटातही आहे, तेव्हा शेजारी ठेवून बघायला हीच दोन पुस्तकं घ्यावीत. एत्झेलची चित्रं मजकुराबरोबर छापलेली, त्यामुळे पृष्ठक्रमांक जुळले की चित्रंही जुळली. १८९० नंतरच्या काही खंडांत वेगळी रंगीत चित्रपानं आहेत, तेवढी पहिल्या गटासारखी मोजावीत.

भिंगाखाली लाकडी ठशाची रेघ सलग आणि काळी दिसते, कडेला शाईचा बारीक उंचवटा. ठिपके दिसले तर ते पुढचं पुनर्मुद्रण. चित्राच्या कोपऱ्यात कोरणाऱ्याची सही असते, तीही वाचता यावी.

एत्झेलमध्ये किंमत ठरते ती बांधणीवर. बहुतेक लाल कापड, त्यावर सोनेरी आणि रंगीत ठसे, आणि फ्रेंच संग्राहक प्रत्येक प्रकाराला ठशावरून ओळखतात: दोन हत्ती, एक हत्ती, सोनेरी पृथ्वीगोल, व्हर्नचं चिकटवलेलं चित्र. एकाच मजकुराला एका पुठ्ठ्यात जी किंमत येते ती दुसऱ्यात अनेक पटींनी बदलते. म्हणून फसवणूक याच ठिकाणी: दुर्मीळ पुठ्ठ्यात साध्या प्रतीचा मजकूर बसवायचा. ओळखायच्या खुणा, ज्या क्रमाने बघितल्या त्या क्रमाने:

पुठ्ठा पानांबाहेर किती डोकावतो ते वर, खाली आणि समोर मोजायचं. मूळ बांधणीत साधारण सारखं, दुसऱ्याचा मजकूर असेल तर एका बाजूला जास्त. मग अस्तराचा रंगीत कागद: सांध्यात तो अखंड जातो की तिथे बारीक कापून पुन्हा चिकटवलाय? नखाने हलकेच दाबलं की नवा जोड कडक लागतो. मग शेवटी छापलेला प्रकाशकाचा कॅटलॉग. शीर्षकपानावर बहुधा साल नसतं, फक्त १८, र्यू जाकोब हा पत्ता, म्हणून कॅटलॉगमधल्या ताज्यात ताज्या पुस्तकावरून काळ काढावा लागतो. कॅटलॉग एका दशकाचा आणि पुठ्ठ्याचा ठसा पुढच्या दशकाचा, असं निघालं तर दोन पुस्तकांचं एक झालंय. शेवटी पुठ्ठ्यावर बारीक अक्षरांत बांधणाऱ्याचं नाव (लनेग्र, एंजेल) शोधायचं आणि तो प्रकार त्याच्याकडे होता का ते ताडायचं.

हाती असलेल्या खंडात पुठ्ठा आणि मजकूर एकाच प्रतीचे निघाले, पण सोनं नंतर भरलेलं. मूळ सोनं ठशाच्या खाचेत तळाशी बसलेलं असतं, कड चाकूने कापल्यासारखी. भरलेलं सोनं कडेबाहेर सांडतं आणि पितळी भुकटी असेल तर तपकिरी पडतं. कण्यावर असं तीन ठिकाणी. ते काढायला गेलं की खालचं लाल कापडही पांढरं पडेल. नोंद केली, हात लावला नाही.

१९१४ मध्ये एत्झेलचा व्यवसाय हाशेत या प्रकाशनसंस्थेकडे गेला. त्यानंतरच्या लाल पुठ्ठ्यांना ‘एत्झेल’ म्हणून विकणारे बरेच आहेत. शीर्षकपान वाचलं की पुरे.

१७ ऑगस्ट

१८४० ते १८६० च्या दशकांतली झळझळीत पाचूसारख्या हिरव्या कापडाची पुस्तकं वेगळी काढली. त्या हिरव्यात सोमल असण्याची शक्यता असते. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने २०१९ पासून अशा पुस्तकांची पद्धतशीर तपासणी केली आहे. नायट्राइल हातमोजे, काम झाल्यावर हात आणि टेबल धुणं, झिपची पिशवी, बाहेर लेबल. रबराचा स्पंज यांच्यावर नको, भुकटी उडते. नाकातोंडाजवळ नेऊन वास घ्यायची संग्राहकांची सवय इथे मोडावी.

२९ ऑगस्ट

तिसरा गट लवकर उरकला. केंटचं मोबी डिक शिकागोच्या लेकसाइड प्रेसने १९३० मध्ये तीन खंडांत, १००० संच, ॲल्युमिनियमच्या पेटीत काढलं. काळ्या कापडावर रुपेरी ठसे. पेटीतून आत-बाहेर करताना धातूची कड नेमकी त्या रुपेरीवर घासते. प्रत्येक खंडाला ५० मायक्रॉन पॉलिएस्टरचं वेष्टण केलं. ७५ मायक्रॉनचं घातल्यावर तिसरा खंड आत जाईना. त्याच वर्षीच्या रँडम हाउसच्या एकखंडी आवृत्तीच्या मुखपृष्ठावर केंटचं नाव आहे आणि मेलव्हिलचं नाही. ती छपाईची चूक समजून ‘दुर्मीळ’ म्हणून विकली जाते, पण सगळ्याच प्रती तशा आहेत.

जॉर्ज मेसीच्या लिमिटेड एडिशन्स क्लबची (१९२९ पासून) पुस्तकं बहुधा १५०० प्रतींची, शेवटच्या पानावर क्रमांक आणि चित्रकाराची सही. तीच चित्रं घेऊन निघालेली हेरिटेज प्रेसची स्वस्त आवृत्ती वेगळी, तिच्यावर क्रमांक नसतो. वाचायला हेरिटेज उत्तम. फक्त क्लबच्या भावात घेऊ नये.

जॅकेट खरं की नक्कल, यासाठी ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा. १९५० पूर्वीच्या कागदात शुभ्रता आणणारी रसायनं सहसा नसतात. जॅकेट निळसर पांढरं चमकलं आणि आतला कागद मंद राहिला तर जॅकेट नंतरचं. पीकच्या १९४९च्या प्रतीचं मंद राहिलं.

९ सप्टेंबर

एका प्रतीच्या पिशवीत काळ्या कागदावर पिवळट भुकटी. नवी आलेली प्रत्येक प्रत महिनाभर झिपच्या पिशवीत काळ्या कागदावर ठेवायची ती याचसाठी. पुठ्ठ्याला आरपार बारीक भोकं म्हणजे अळी. कापड आणि चिकटवलेलं चित्र वरवर खरवडलेलं असेल तर कसर, तिला स्टार्च आवडतो.

उपाय एकच: पिशवीतली हवा काढून, बंद करून, त्यावर दुसरी पिशवी, साध्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. आधी उघडली की थंड पानांवर दव धरतं आणि गुळगुळीत चित्रपानांचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

२४ सप्टेंबर

पेट्या. दोन ताटं एकात एक बसणारी, पुस्तकासारखी उघडणारी. २ मिलिमीटर आम्लरहित बोर्ड, वर बकरम (बांधणीचं जाड कापड).

पहिली पेटी मिटली नाही. बोर्डाची मापं बरोबर होती, कापड हिशोबात धरलेलं नव्हतं. बकरम ०.४ मिलिमीटर. आतल्या ताटाच्या दोन भिंती ४, बाहेरून लागलेलं कापड ०.८, बाहेरच्या ताटाला आतून लागलेलं कापड ०.८, मोकळीक १. म्हणजे बाहेरच्या ताटाच्या कच्च्या बोर्डाचं आतलं माप आतल्या ताटाच्या आतल्या मापापेक्षा ६.६ मिलिमीटरने मोठं हवं. ५ धरलेलं होतं. मोकळीक पूर्ण सोडली तरी ०.६ची तूट उरते, आणि ती दाबून बसवली तर भिंत बाहेर फुगते. बाहेरचं ताट नव्याने कापलं, बोर्डाचा अर्धा ताव गेला.

दुसऱ्या पेटीचं झाकण धनुष्यासारखं वाकलं. कारण ग्रेन, म्हणजे बोर्डातल्या तंतूंची दिशा. बोर्ड दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघावा. ज्या दिशेने सहज वळतो, त्या वळणाच्या रेषेला समांतर ग्रेन असतो, आणि तो कण्याला समांतरच यायला हवा. कापडाचाही तसाच. वाकलेलं झाकण आतून कागद लावून ओढून घेता येतं, पण हवा बदलली की परत वाकतं. सरळ नवं कापावं.

पुस्तकाची जाडी कण्याजवळ, मध्ये आणि समोर अशी तीन ठिकाणी घ्यावी. चित्रपानांच्या पुस्तकांत कण्याजवळ फुगवटा असतो. सर्वांत मोठं माप धरावं. पीव्हीसीचा कुठलाही भाग पेटीत नको.

११ ऑक्टोबर

प्रत्येक प्रतीचं कार्ड: शीर्षकपानावरचं साल, चित्रांची यादी आणि प्रत्यक्ष मोजणी, कुठलं चित्र सुटं होतं आणि कशाने बसवलं, परकं काय आहे, कशाला हात लावलेला नाही. परक्या चित्राच्या मागे खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने खूण, शाई नाही. कपाटात आर्द्रता ४० ते ५० टक्के, ६५च्या वर गेली की बुरशीची वाट मोकळी.

बाकी: मिस्टीरियस आयलंडच्या १९१८च्या प्रतीवरचं मुखपृष्ठाचं चित्र डाव्या वरच्या कोपऱ्यात सुटतंय. घट्ट खळ, पॉलिएस्टर, रात्रभर वजन. लास्ट ऑफ द मोहिकन्सचे उरलेले फोटो विक्रेत्याकडून यायचेत, यादीच्या पानाचा अजून आलेला नाही.